दोन ठोके राहिले

१

वाजत राहिलेली गोष्ट रंभाला सहन होत नसे. फोन वाजला की तव्यावरची भाकरी करपली तरी बेहत्तर, ही धावलीच. कुणाच्या दारावर कुरियरवाला थापा मारताना दिसला, की "द्या हिकडं, मी देते त्यांना" म्हणून सही ठोकून मोकळी. पनवेलच्या कोळीवाड्यातल्या त्या बोळात अर्ध्या घरांची पार्सलं आणि गॅसचे सिलिंडर रंभाच्याच ओट्यावर उतरत. तिचा नवरा कुमार चिडवायचा, "देवळातली घंटा वाजली तरी तू 'आले, आले' म्हणशील!"

अशा बाईच्या नशिबी असा सासरा यावा, आता काय बोलायचं!

सासऱ्याचं नाव काशिराम. जात कोळ्याची, पण होडीत बसला की त्याला उलट्या व्हायच्या. मॅट्रिक झाला, पनवेलच्या तार ऑफिसात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हापासून पुढच्या खोलीत, इस्पितळातून जुनी विकत आणलेली लोखंडी खाट, आणि तिच्यावर हा. रंभा त्याचं सगळं करायची. तोंडाचा पट्टा चालू ठेवून करायची, पण करायची.

२०१३ सालच्या जुलैत सरकारनं तार बंद केली. टीव्हीवर दाखवत होते, शेवटची तार करायला ही भली मोठी रांग, जो तो कागद हातात धरून फोटो काढतोय.

"जल्मात कधी तार केली नाय, आन् आता आलेत मिरवायला," रंभा म्हणाली.

शेजारची सखूबाई टीव्ही बघायला येऊन बसली होती. नव्वदीला टेकलेली बाई, पण आवाज असा की बाजारात मासळी विकताना खाडीपलीकडं ऐकू जायचा. ती म्हणाली, "आमच्या टायमाला सायकलवाला नुसता 'तार!' म्हनून वरडला की आमी रडायला लागायचो. वाचनार कोन येतोय त्याची वाट कशाला बगायची? तार आली म्हंजी मानूस गेला. एकदा माज्या भावाला नोकरी लागल्याची तार आली. ती वाचून होयपर्यंत आक्खा बोळ रडून घेतला होता!"

रंभा पोट धरून हसली. खाटेवर काशिराम मात्र हसला नाही. तो टीव्हीकडे बघत होता, आणि बातमी संपून जाहिरात लागली तरी तसाच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके सुरू झाले.

२

सरकारची तार बंद झाली आणि आमच्या घरातली चालू झाली, असं रंभा ज्याला त्याला सांगत सुटली. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी डोकं उठलं. तिसऱ्या दिवशी तिला वाटायला लागलं, की ती खाट उचलून खाडीत नेऊन टाकावी, म्हाताऱ्यासकट!

खाटेच्या दांडीवर टकटक, टकटक. जरा थांबायची, की पुन्हा. तिनं पेज भरवून पाहिली, कूस बदलून पाहिली, हाताशी रुद्राक्षाची माळ दिली. "काय पायजे, मामा? पानी? नको? मग काय हो, माजा जीव?" काशिराम तिच्याकडे बघायचा, आणि डाव्या हाताची बोटं आवळून उलट्या मुठीनं दांडीवर पुन्हा ठोकायचा.

पंचाईत अशी, की कुमार न्हावाशेवा बंदरात ट्रेलरवर होता आणि रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. घर दोन खोल्यांचं. मधली भिंत आहे म्हणायला आहे. तो लाल डोळ्यांनी उठून बाहेर यायचा.

"बंद कर ते!"

"मी ठोकते काय? सांग तुज्या बापाला."

"रात्रभर चाळीस फुटी गाडी चालवतो मी, रंभा. पळस्प्याच्या नाक्यावर डोळा लागला ना, तर कंटेनरखाली जाईन एक दिवस. मग बस ठोके ऐकत!"

असं अभद्र बोलायचं आणि आत जाऊन उशी डोक्यावर घ्यायची. चौथ्या दिवशी त्यानं निकालच लावला. नेऱ्याकडे डोंगराखाली एक वृद्धाश्रम निघालाय, ओळखीच्या माणसानं चौकशी केलीय, रविवारी बाबांना तिथं ठेवायचं.

"लोक काय म्हनतील? सुनेनं म्हाताऱ्याला घराबाहेर काढला," रंभा म्हणाली.

"मग गप्प कर त्यांना. तू गप्प केलंस तर मी कशाला नेतोय?"

म्हणजे हेही तिच्याच गळ्यात. रंभा चिडली, पण हट्टालाही पेटली. ओल्या फडक्यानं म्हाताऱ्याचं तोंड पुसता पुसता ती नीट ऐकायला लागली, हे नक्की काय चाललंय ते. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आवाज एक नाही.

दोन आहेत. एक मुठीचा, बद्द. आणि एक बारीक, खणखणीत, धातूवर धातू आपटल्यासारखा.

३

काशिरामच्या उजव्या हातात तांब्याची अंगठी होती. सांधेदुखीवर म्हणून कुणीतरी दिलेली, बोट सुजल्यामुळे आता निघत नव्हती. तो हात चादरीखाली दांडीला टेकवून ठेवलेला असायचा. दोन वर्षांत त्या हातानं माशीसुद्धा हाकलली नव्हती.

रंभानं चादर बाजूला केली.

उजव्या हाताचं एकच बोट हलत होतं. बाकीचा हात मेलेल्या मासोळीसारखा पडलेला, आणि ते बोट तेवढं भराभर, न चुकता, अंगठी दांडीवर आपटत होतं. थोडा वेळ ते चालायचं. मग डावी मूठ घाईघाईनं मध्येच ठोकायची आणि उजवं बोट थांबायचं. थोड्या वेळानं उजवं पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा डाव्याचं मध्येच ठोकणं.

दोन माणसं बोलत असावीत तसं. आणि काशिराम आपल्याच उजव्या हाताकडे असा बघत होता, जसा माणूस दारात आलेल्या परक्याकडे बघतो.

तिनं डॉक्टरला फोन लावला. "होतं असं कधी कधी. नसा आपोआप उडतात. खाली मऊ काहीतरी ठेवा," डॉक्टर म्हणाला. झालं! एवढं कळायला डॉक्टर कशाला पाहिजे? पण तिला बरंही वाटलं. नसा उडतात. पंखा बंद केला तरी पाती फिरत राहतात, तसंच काहीतरी असणार. तिनं टॉवेल आणला, उजवा हात चांगला तीन वेढे गुंडाळला आणि गादीवर ठेवला.

घर शांत झालं. रंभा चहा टाकायला वळली.

टक, टकटक. खिडकीच्या लोखंडी गजावर. बाहेर कुणी नव्हतं, कावळासुद्धा नव्हता, आणि गज आपला वाजत होता, तसाच, त्याच चालीत. खाटेवर डाव्या मुठीनं घाबऱ्या घाबऱ्या उत्तर दिलं.

पाऊस गळत असेल, पन्हाळीचं पाणी टपकत असेल, असं रंभानं स्वतःला सांगितलं. तिनं हात बाहेर काढून पाहिला. गज कोरडा होता. मग तिनं मुकाट्यानं येऊन टॉवेल सोडला. बोट पुन्हा चालू झालं आणि खिडकी गप्प झाली. वैताग तर वैताग, पण निदान तो हात घरातला तरी होता.

४

काशिरामचा तार ऑफिसातला जोडीदार दादू म्हणून होता, तो करंजाड्याला राहायचा. रंभानं त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, एकदाचा अर्थ तरी कळू दे. दादू छत्री झटकत आला, खाटेपाशी खुर्ची ओढून बसला, आणि आधी हसला.

"काश्या, अजून सुटत नाय रं तुजी नोकरी?"

मग तो ऐकायला लागला. चहाचा कप हातातच राहिला.

"काका, काय हाय ते सरळ सांगा," रंभा म्हणाली. "माज्या डोक्याचा भुगा झालाय."

दादूनं घसा खाकरला. आधी उगाच इकडचं तिकडचं सांगत बसला. कशा तारा मुंबईहून निघून ठाण्यावरून, पनवेलवरून घाट चढायच्या, तिथून पार कलकत्ता नि मद्रास, आणि समुद्राखालून एडन नि विलायत. निरोप एका दमात जायचा नाही. एका ऑफिसानं घ्यायचा, पुढच्याला द्यायचा, त्यानं पुढच्याला. "आन् समोरच्यानं 'घेतली' म्हटल्याशिवाय तार पोचली असं धरायचं नाय. तोवर पाठवणारा पाठवतच राहनार. पाठवणारा कोन तेबी न बघता कळायचं आमाला. जसं अक्षर तसा हात. आमी हात वळखायचो."

"मग?"

"ही डावी मूठ काश्याची. 'थांब' म्हणतोय तो. कट्ट, कडऽ, कट्ट, कट्ट, कट्ट. थांब, आता घेत नाय." दादूनं तोंडानंच आवाज काढला, कपाला बोटही लागू दिलं नाही. "'घेतली' म्हणायचं तर पयले तीनच. कट्ट, कडऽ, कट्ट. तीन ठोके म्हंजी घेतली, पाच म्हंजी थांब. पोरं शिकताना हितंच गडबड करायची."

"आन् उजवा हात?"

"तो काश्याचा हात नाय."

रंभाला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"तार हाय कुनाची तरी," दादू म्हणाला. "पत्ता येतो. पनवेल, कोळीवाडा. मग नाव येतं. पुढं मजकूर सुरू व्हायच्या आत हा अडवतो. इतके दिवस अडवून धरलीय त्यानं. याचा भाऊ विठू गेला, त्याची तार यानंच घेतली होती. बोटीवर खलाशी होता विठू. ऑफिसात बसून सख्ख्या भावाची तार हातानं लिहून घेतली, आन् 'घेतली' म्हणून ठोकलं. मग आयुष्यभर आमाला सांगायचा, मी थांब म्हटलं असतं तर? आमी हसायचो याला."

"नाव कुनाचं येतंय?"

दादूनं कप खाली ठेवला.

"सांगा ना! सगळं अर्धंच काय सांगता?"

"तुजं," तो म्हणाला. "तार तुज्या नावाची हाय, रंभा. त्याला ठोकू दे. हात धरू नको त्याचा."

चहा तसाच टाकून तो गेला. छत्रीसुद्धा विसरला.

५

माझ्या नावाची! मला कोण तार करणार? माहेरची माणसं उरणला, दिवसाला दोनदा फोन करतात. लेक दिल्या घरी सुखात आहे, सकाळीच बोलली. असा सगळा हिशेब रंभानं भांडी घासता घासता केला. दोन म्हातारे, तार बंद झाल्याचं दुःख, एकानं ठोकायचं आणि दुसऱ्यानं अर्थ लावायचा! डॉक्टर म्हणाला ना नसा उडतात म्हणून? मग झालं तर.

पण बाईच्या नावानं येणारी तार कुणाबद्दल असते, हे कोळीवाड्यातल्या बाईला शिकवावं लागत नाही. कुमार संध्याकाळी बूट घालायला बसला, की रंभा दारात जाऊन उभी राहायची. "आज नको ना जाऊ," ती म्हणायची. कुमार म्हणायचा, "का? सणवार हाय?" यावर काय सांगणार? तुझ्या बापाचं मेलेलं बोट मला असं असं म्हणतंय? ती डबा भरून द्यायची आणि तो परत येईपर्यंत पुढच्या खोलीत बसून मूठ ऐकत राहायची. ज्या आवाजानं तिचं डोकं उठवलं होतं, त्याच्याच आधारावर ती आता डोळा लावायची. मूठ जरा उशिरा वाजली की दचकून उठायची आणि म्हाताऱ्याला हलवायची, "मामा, ठोका! ठोका ना हो!"

रविवार तिनं भांडून टाळला.

"आधी तुलाच नको नको झालं होतं," कुमार म्हणाला. "आता काय प्रेम उतू चाललंय?"

"माजा सासरा हाय, मी बघीन."

"आणि माझी झोप? ती कोण बघणार? बुधवारी मी स्वतः सोडून येतो. बास, विषय संपला."

बुधवारी आला तो वैतागलेलाच. दुसरा ड्रायव्हर गावी गेल्यामुळे त्याला दिवसपाळीही गळ्यात पडली होती. "एक खेप तळोज्याला टाकून येतो. चारपर्यंत येतो आणि नेऱ्याला निघायचं. बाबांचे कपडे भरून ठेव," असं म्हणून तो सकाळी गेला. रंभानं पिशवी काढली, त्यात दोन सदरे टाकले, आणि परत बाहेर काढून दोरीवर वाळत घातले. धुतलेले होते तरी.

नेऱ्याला नेलं तर तिथल्या बाया याचा हात बांधतील. मग थांब कोण म्हणणार?

६

दुपारी तिनं पाहिलं, डाव्या मुठीची सालं निघाली होती. हाडावरची कातडी फाटून रक्त दांडीवर सुकलं होतं, आणि त्याच्यावरच म्हातारा ठोकत होता.

"अरे देवा! काय केलं हो हे? मला दाखवायचं नाय?" तिचे डोळे भरून आले, आणि रागही आला, कुणाचा ते मात्र कळेना. तिनं गरम पाणी आणलं, हळद आणली, जुन्या साडीची पट्टी फाडली, आणि त्याची मूठ आपल्या मांडीवर घेऊन पुसायला लागली.

उजवं बोट सुरू झालं.

काशिराम मूठ ओढायला लागला. "थांबा, मामा. पट्टी सुटेल." तो आणखी जोरात ओढायला लागला. घशातून घरघर आवाज, डोळे मोठे. बोट चाललं होतं. इतके दिवस ऐकून रंभाला चाल पाठ झाली होती. हा पत्ता, हे नाव. इथं मूठ वाजायची. आता वाजली नाही, आणि बोट पुढं गेलं, कधीच न ऐकलेल्या ठोक्यांत, सावकाश, नीट लावून.

"बरं बरं, मी करते, तुमच्या वतीनं मी करते! गप पडा तुमी!" रंभानं म्हाताऱ्याचा हात एका हातात धरला, दुसऱ्या हाताची बोटं आवळली आणि दांडीवर ठोकलं. कट्ट. कडऽ. कट्ट.

आतल्या खोलीत फोन वाजला.

ती उठली. विचारबिचार काही केला नाही, फोन वाजला की ती उठायचीच, तशी उठली आणि धावली.

कुमार होता. "काय गं, बाबांचं चालूच हाय का?"

रंभानं कान दिला. पुढच्या खोलीतून काही येत नव्हतं. ना अंगठी, ना मूठ.

"नाय," ती म्हणाली. "गप झाले."

"खरंच? मग राहू दे नेरं. मला तरी काय हौस हाय काय?" कुमारचा आवाज किती दिवसांनी हसरा आला. "पळस्प्याला हाय मी, सिग्नलला. येतो अर्ध्या तासात. काहीतरी चांगलं कर, भूक लागलीय."

"काय करू? सोड्यांची भाजी करू?"

"कर. सुटला सिग्नल, ठेवतो."

रंभा फोन हातात घेऊन उभी राहिली. किती शांत होतं घर! तिनं सोडे भिजत घातले, कांदा चिरायला घेतला. नसा उडत होत्या, थांबल्या. उगाच आपण त्या दादूचं मनावर घेतलं. दोन कांदे चिरून झाले, आणि तिसरा हातात असताना तिला आठवलं, की तिनं तीनच ठोके मारले होते.

७

ती बाहेर आली. उजवा हात दोन वर्षं पडलेला होता तसा पडला होता. डाव्या हातावर अर्धवट पट्टी. काशिराम तिच्याकडे बघत होता. रागानं नाही. मायेनं बघत होता तो, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"फोन आला होता त्याचा, मामा. आत्ताच बोलला. चांगला हाय तो," ती म्हणाली. "सोडे करायला सांगितलेत."

ओट्याबाहेर सायकलची घंटी वाजली.

पावसाचे सपकारे येऊ नयेत म्हणून ओट्याला निळं ताडपत्रीचं पान लावलं होतं, जमिनीपासून हातभर वर. त्याच्याखालून रंभाला सायकलचं पुढचं चाक दिसलं. चाकाशेजारी दोन पाय. खाकी पँट, घोट्यापाशी चिमट्यानं आवळलेली. बाहेर धो धो कोसळत होतं आणि ते बूट कोरडे होते, धुळीनं भरलेले.

तो माणूस काही बोलला असेल, पावसात ऐकू आलं नाही. पण शेजारच्या ओट्यावरून सखूबाईनं एकदम सूर लावला. काही विचारलं नाही, बघितलं नाही. "अगं माझ्या रंभाऽऽ" म्हणून ती नव्वद वर्षांची बाई खाडीपलीकडं जाईल असं रडायला लागली.

आत फोन वाजला. कांद्याच्या ताटाशेजारी ठेवलेला होता, दारातून त्याचा उजळलेला स्क्रीन दिसत होता. कुमारचं नाव.

कुमारच असणार. कोथिंबीर हवी का विचारायला केला असेल. उचलला की कळेल. उचलायचा आणि "बोल" म्हणायचं, एवढंच तर आहे. रंभाचा पाय सवयीनं उचलला गेला.

तिनं तो खाली ठेवला. ती खाटेपाशी बसली, म्हाताऱ्याची पट्टी बांधलेली मूठ उजव्या हातात घट्ट धरली आणि डाव्या हातानं दांडीवर ठोकायला लागली. कट्ट, कडऽ, कट्ट, कट्ट, कट्ट. मोजून पाच. पुन्हा पाच. "थांब," ती मोठ्यानं म्हणाली, "मी घेतली नाय. ऐकलं का? मी घेतली नाय!"

बाहेर घंटी वाजली. आत फोन वाजून बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. रंभानं तो वाजू दिला.